शनिवारची भट्टी : गराज, कोकम आणि घाईतल्या बाटल्या

गेल्या अंकात विचारलं होतं, या शनिवार-रविवारी घरी कोणती बिअर लावताय? अमेरिकेतल्या वाचकांनी बेत कळवले, सोबत शंकाही धाडल्या.

डॅलसहून : पहिल्यांदाच पाच गॅलन पेल एल (फिकट रंगाची बिअर) लावतोय. आंबवायची बादली गराजमध्ये ठेवली तर चालेल का?

जुलैत? टेक्ससमध्ये? मुळीच नको. घरी बिअर करायच्या किटमधलं नेहमीचं एल यीस्ट १८ ते २० अंश सेल्सिअसला शहाण्यासारखं वागतं. तुमचं गराज दुपारी ३८ च्या पुढे जाणार. त्यात आंबताना मिश्रण स्वतःही तापतं. बिअर होईल, पण तिला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येईल. बादली न्हाणीघरातल्या टबात ठेवा, भोवती पाणी भरा आणि बर्फ केलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. पहिले तीन-चार दिवस एवढं सांभाळलंत की बरंचसं निभावतं. टबावरून घरात कुरबुर होणार असेल, तर नॉर्वेचं वॉस क्वाइक यीस्ट मागवा. ते ३५ ते ४० अंशांतही मजेत असतं आणि वर संत्र्याचा वास देतं.

एडिसनहून : कोकम घालून गोझे करायचा बेत आहे. कोकम कधी आणि किती?

वा! असा बेत कुणीतरी कळवावा म्हणून मी टपूनच बसले होते. गोझे मुळात जर्मनीतल्या गोस्लारची, पुढे लाइपझिगनं डोक्यावर घेतलेली. आंबट, किंचित खारट, धणे घातलेली. आपल्या जिभेला ती परकी वाटतच नाही. निम्मा गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), निम्मा पिल्सनर, म्हणजे फिकट जवाचा. लॅक्टो (आंबटपणा आणणारे जिवाणू) घालून आंबट करणार असाल तर त्याआधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कणही पडू देऊ नका, हॉप्स त्या जिवाणूंना दाबतात. उकळी नंतर, हॉप्स तेव्हा, आणि तेही नावाला. शेवटच्या दहा मिनिटांत पाच गॅलनला २५ ग्रॅम धणे, जाडसर कुटून.

मीठ मात्र हात आखडता घेऊन. देशी दुकानातलं आमसूल बहुतेक वेळा मिठात वाळवलेलं असतं. पाकीट उघडलं की काळ्या, चिकट सालींवर मिठाचे कण चमकतात. एक साल धुऊन तोंडात टाका. तरीही खारट लागली तर पातेल्यात मीठ घालूच नका. मी १०० ग्रॅम साली धुऊन घेते, चुकून राहिलेल्या बिया काढते (कोकमतेल त्यातच असतं आणि तेलानं बिअरचा फेस बसतो), ७५ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं झाकून ठेवते आणि मुख्य आंबणं संपल्यावर पाण्यासकट ओतते. कोकमाचा स्वतःचाही आंबटपणा असतो, म्हणून लॅक्टोला फार वेळ देऊ नका. नाहीतर ग्लासात सोलकढी बरी असं म्हणायची पाळी येईल. जिरं घालायचा मोह होईल. मला नाही आवडलं.

सॅन होजेहून : एअरलॉकमधले (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे पाचव्या दिवशी थांबले. रविवारी बाटल्या भरून पुढच्या शनिवारच्या बार्बेक्यूला नेऊ?

नाही. बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली असं नव्हे, झाकण सैल असलं तरी ते थांबतात. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण) बुडवा. सुरुवातीला १.०५० होतं ना? ते १.०१० च्या आसपास यायला हवं, आणि तीन दिवसांनी पुन्हा पाहिल्यावर तेवढंच दिसायला हवं. मग बाटलीत फसफस यावी म्हणून पाच गॅलनला ११० ग्रॅम साखर पाण्यात उकळून, गार करून मिसळा आणि बाटल्या भरा. आकडा उतरता असतानाच भरल्यात तर बाटल्या फुटून कपाटात काचा वेचत बसाल. शिवाय भरल्यावर साध्या खोलीत दोन आठवडे लागतातच. बार्बेक्यूला दुकानातली न्या.

सिअॅटलहून : पुण्यातल्या भावाला किट पाठवू का?

नका पाठवू. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये कायद्यावर सही केली, म्हणून दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर करून विकणारं ठिकाण) सुरू झाली, तेव्हापासून शहरात ताजी बिअर मिळते. पुढच्या वेळी गेलात की भावाला अशा ठिकाणी घेऊन जा. बिल तुम्ही द्या, डॉलरवाले तुम्ही.