सुपरहिरोंच्या कथांवरून टीम सांभाळायला शिकता येते का?

आपल्या हाताखाली पहिल्यांदाच आठ माणसे आली आहेत आणि सुपरहिरोंच्या कथांतून नेतृत्वाचे काही धडे घेता येतील का, असे आपण विचारले आहे. येतात, मात्र ज्या पानावर नायक आकाशातून उतरतो, त्या पानावरून नव्हे. हे इतक्या ठामपणे सांगण्यामागे इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात काढलेली माझी काही वर्षे आहेत.

महू नाक्यावरून कंपनीची बस पकडून मी रोज तिथे जात असे. माझ्याकडे ब्लिस्टर पॅकिंगची, म्हणजे गोळ्या प्लास्टिक-फॉइलच्या पट्ट्यांत (स्ट्रिपमध्ये) बंद करण्याची, एक लाइन होती आणि आमच्यावर एक साहेब होते, ज्यांना सारा विभाग कौतुकाने ‘सुपरमॅन’ म्हणे. रात्रपाळीत लीक टेस्टला स्ट्रिप नापास होऊ लागल्या, म्हणजे निर्वात भांड्यातल्या निळ्या पाण्यातून काढलेल्या स्ट्रिपच्या कप्प्यांत निळा रंग उतरलेला दिसला, की साहेबांना फोन जायचा. ते अर्ध्या रात्री इंदूरहून गाडी काढून यायचे, फॉइल गरम करून प्लास्टिकवर चिकटवणाऱ्या खाचेदार सीलिंग रोलरचे तापमान ठरलेल्या मर्यादेच्या आत दोन-चार अंशांनी वाढवायचे, मशीन सुरू व्हायचे आणि पोरे टाळ्या वाजवायची. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच नाटक, त्याच टाळ्या.

एकदा साहेब मुलीच्या लग्नासाठी नाशिकला गेलेले असताना लाइन बंद पडली आणि अकरा तास बंदच राहिली. साहेब विधींना बसलेले, फोन कोण उचलणार? तापमान मर्यादेच्या टोकाला पोहोचलेले होते, त्यामुळे ते वाढवण्याचा मार्गही उरला नव्हता. शेवटी एका कंत्राटी मुलाने रोलर थंड होऊ दिला, बॅटरी जवळ धरली आणि मला म्हणाला, “दादा, या खाचा दिसतच नाहीत.” फॉइलवरच्या लॅकरचा आणि प्लास्टिकचा काळपट थर त्या बारीक खाचांत दाटून बसला होता. पितळी तारांच्या ब्रशने तो काढायला चाळीस मिनिटे लागली, आणि नंतर मूळच्या तापमानावरच टेस्ट पास झाली. त्या दिवसापासून मी एक वही घातली : बिघाड काय, कुणी काय केले, रोलर शेवटचा कधी साफ केला. साहेब परतल्यावर त्यांनी ती चाळली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो, वह्या भरून कुणी लीडर होत नाही.”

पुढे एका प्रशिक्षणात बाहेरून आलेल्या वक्त्याने पडद्यावर स्पायडरमॅन दाखवला आणि मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे त्याच्या काकांचे वाक्य म्हणून सांगितले. साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिले. तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून आज लिहितो. ऑगस्ट 1962 च्या त्या पहिल्या कथेत ते वाक्य काकांच्या तोंडी नाहीच. ते शेवटच्या चौकटीत निवेदक सांगतो, आणि तेही काका गेल्यानंतर. पीटरसमोरून, म्हणजे स्पायडरमॅनसमोरून, एक चोर पळत जातो, त्याला अडवणे सहज शक्य असते, पण ते आपले काम नव्हे म्हणून पीटर त्याला जाऊ देतो, आणि पुढे तोच चोर काकांचा जीव घेतो. म्हणजे ती गोष्ट पराक्रमाची नसून टाळलेल्या एका किरकोळ कामाची आहे. आमच्याकडे ते काम ब्रश फिरवण्याचे होते, आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नव्हते.

लहानपणी भाड्याने आणून वाचलेल्या हिंदी कॉमिक्समधला, 1987 साली आलेला सुपर कमांडो ध्रुव मला म्हणूनच अधिक जवळचा वाटतो. सर्कशीत वाढलेल्या या मुलाकडे कोणतीही दैवी शक्ती नाही आणि तो स्वतःची कमांडो फोर्स उभी करतो. त्याच कॉमिक्समधल्या, अद्भुत शक्ती असलेल्या नागराजचे चाहते यावर भांडतील, खुशाल भांडोत.

आपल्या आठ माणसांपैकी आपल्यावाचून कोणाचे काम अडते, हे आधी पाहा आणि ते अडणे ज्या महिन्यात गर्दी नसेल त्या महिन्यात सोडवा. आपण रजेवर असताना फोन आला नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. आणि जो वही लिहितो त्याला चारचौघांत हिणवू नका.

एवढे मात्र मान्य करायला हवे की आग लागली असताना सभा भरवत बसता येत नाही. तिथे एकानेच निर्णय घ्यावा लागतो आणि साहेब तो घेत असत. पेचकसाचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून मशीनचा आवाज ऐकायला मला त्यांनीच शिकवले. अजूनही रविवारी पोह्यांच्या दुकानावर ते भेटतात आणि तापमान वाढवणे बरोबरच होते, असे सांगतात. तिथे अजून कामाला असलेला तो मुलगा परवा म्हणाला की वही आता संगणकावर गेली आहे, ब्रश मात्र टूलबोर्डवर त्याच जागी लटकलेला असतो.