अल्टरनेटर गेला, गॅरेज लांब आहे. गाडी किती वेळ चालेल?

तुम्ही विचारलंय की ऐरोलीहून आई-बाबांना घेऊन माळशेजला जायचं आहे, पेट्रोल गाडी सात वर्षांची आहे आणि गेल्या आठवड्यात बॅटरीचा लाल दिवा दोनदा लागून आपोआप विझला. वाटेत अल्टरनेटर गेला आणि जवळ गॅरेज नसलं तर काय करायचं, किती किलोमीटर निघतील?

किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. माझ्यावर ही वेळ त्याच रस्त्यावर आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंजिन चालू असताना गाडीला लागणारी वीज अल्टरनेटर बनवतो (आपल्याकडचे मेकॅनिक त्याला सर्रास डायनॅमो म्हणतात) आणि उरलेली बॅटरीत भरतो. तो बंद पडला तरी गाडी लगेच थांबत नाही. पाणी गेल्यावर गच्चीवरच्या टाकीवर घर चालतं, तशी ती बॅटरीवर चालत राहते. टाकी किती वेळ पुरेल ते कुठले नळ उघडे आहेत त्यावर ठरतं.

लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते (एक ॲम्पिअर-अवर म्हणजे एक ॲम्पिअर वीज तासभर). दोन-तीन वर्षं वापरली की त्यातली २५ हाताशी आहे असं धरा, आणि तीही तळापर्यंत वापरता येत नाही. पेट्रोल पंप, इग्निशन आणि इंजिनचा कॉम्प्युटर मिळून दहा-बारा ॲम्पिअर घेतात, म्हणजे दिवसाउजेडी, बाकी सगळं बंद ठेवून, एक-सव्वा तास. आता हेडलाइट लावा, दहा वाढले. वायपरचे चार-पाच. ब्लोअर मोठ्यावर ठेवला तर आणखी पंधराच्या आसपास. तीच बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांत संपते. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात तर अंतर कापलं जात नाही, वर रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि तोही दहा-पंधरा ॲम्पिअर ओढतो. म्हणून ‘कसंही करून घरी पोचू’ हा विचार पहिल्या मिनिटाला सोडा. कल्याणच्या गर्दीत, शहाडच्या पुलावर गाडी बंद पडण्यापेक्षा एखाद्या गावात, माणसांत, उजेड असताना थांबणं कितीतरी बरं.

माझी गोष्ट जुलैमधली आहे. माळशेज उतरून मोरोशी मागे टाकली, चारचा सुमार, पाऊस, मागे आई आणि मावशी. लाल दिवा लागला. माझ्या गाडीत लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा मोबाइल चार्जर होता, त्यावर व्होल्ट दिसतात. एरवी तिथे १४.१ असायचं, त्या दिवशी १२.२. काचेवर वाफ धरत होती म्हणून मी ब्लोअर तसाच ठेवला, आणि दहा मिनिटांत आकडा ११.९ वर आला. ही माझी चूक. ब्लोअर बंद करून खिडक्या दोन बोटं उघडल्या, आई पुढे वाकून रुमालानं काच पुसत राहिली. वायपर एकेक फटका मारून बंद. एसी, गाणी, मोबाइलचं चार्जिंग, सगळं बंद. टोकावड्याजवळ मीटरवर एबीएसचा (ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम जड झालं. हल्लीचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यामुळे इंजिन अडखळायच्या आधी ते तक्रार करतं. ही खूण लक्षात ठेवा. इथून पुढे हातात फार थोडा वेळ उरतो, दिसेल त्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या.

रस्त्याकडेच्या एका घरासमोर चिखलणीचा ट्रॅक्टर उभा होता. त्यांच्या अंगणात गाडी घातली. घरातले काका बाहेर आले, आवाज ऐकला, म्हणाले, “ताई, डायनॅमो गेलाय तुमचा. चार्जिंग बनत नाय.” माझ्याकडे जंपर केबल होती. ट्रॅक्टरची बॅटरी गाडीसारखीच १२ व्होल्टची असते. आमचं इंजिन बंद करून, ट्रॅक्टर चालू ठेवून अर्धा-पाऊण तास केबल लावून ठेवली. तेवढ्यात काकूंनी आम्हाला कोरा चहा पाजला, आणि आईची आणि त्यांची भातलावणीवरून अशी चर्चा रंगली की मीच एकटी त्या आकड्याकडे बघत बसले होते. मग केबल असतानाच सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, आणि न थांबता थेट मुरबाड. तिथे एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानापर्यंत पोचलो, तेव्हा जेमतेम उजेड शिल्लक होता.

केबल लावताना लाल चिमटा आपल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल मदतीच्या गाडीच्या प्लसला, काळा तिच्या मायनसला आणि शेवटचा काळा आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ट्रकवाले मदतीला लगेच थांबतात, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिथून सरळ केबल लावली तर गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जळतील. पिकअप, जीप, दुसरी कार चालेल.

आता एक अपवाद, आणि तो नियमाइतकाच महत्त्वाचा. दिवा लागला तरी इंजिन बंद करू नका असं सगळे सांगतात, कारण दमलेली बॅटरी पुन्हा सेल्फ फिरवेलच असं नाही. पण लाल दिव्याबरोबर तापमानाचा काटा चढत असेल, किंवा फटकन आवाज होऊन दिवा लागला असेल, तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा, म्हणजे फॅन बेल्ट, तुटलेला असू शकतो. बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो. मग बॅटरी कितीही भरलेली असो, पुढे जाणं म्हणजे इंजिन तापवून हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) घालवणं. ताबडतोब थांबा, इंजिन बंद. जळका वास आला तरी तेच.

घाटात उतारावर वीज वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. अंधार पडल्यावर हेडलाइट न लावता चालवणंही तसंच. दिवे लावण्याइतकी वीज नसेल तर प्रवास तिथेच संपला. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, त्रिकोण मागे लांब ठेवा, सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइन आहे, जिवाचा प्रश्न असेल तर ११२. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलंय का ते आत्ताच बघून नंबर मोबाइलमध्ये टाका, घाटात रेंज येते-जाते.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर ‘तपासणारे’ लोक अजून भेटतात. जुन्या गाड्यांत ते खपायचं. आताच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जाऊ शकतो. हात धरून थांबवा.

माझ्या अल्टरनेटरमध्ये झालं काय होतं? इलेक्ट्रिशियननं तो खोलून दोन कार्बन ब्रश माझ्या तळहातावर ठेवले. नव्या ब्रशशेजारी ते पाटीवरच्या झिजलेल्या पेन्सिलीसारखे दिसत होते. एक तर वाटाण्याएवढाही उरला नव्हता. अल्टरनेटरमधल्या फिरत्या रिंगला ब्रश कधी टेकायचे, कधी नाही. महिनाभर आधी माझाही दिवा असाच लागून विझत होता, आणि विझला म्हणजे बरं झालं असं मी धरून चालले होते. तुमचं वर्णन वाचून मला तेच आठवलं. पट्टा सैल असेल, अल्टरनेटरमागचा वायरचा कपलर ढिला असेल, बॅटरीच्या टर्मिनलला पांढरी बुरशी (क्षार) असेल, कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) जात असेल, कारण यातलं कुठलंही निघेल. पण आपोआप विझलेला दिवा म्हणजे दुरुस्ती नव्हे. ब्रश बदलायला काहीशे रुपये लागतात, अख्खा अल्टरनेटर हजारोंत जातो, म्हणून नवा घ्या म्हणणाऱ्याला आधी खोलून दाखवायला सांगा.

निघायच्या आदल्या दिवशी बॅटरीच्या प्लस-मायनसला मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १३.८ ते १४.५. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा, १३.५ च्या खाली घसरायला नको. उलट १५ च्या वर जात असेल तर कटआउट गेलाय, बॅटरी उकळेल, तेही तितकंच धोक्याचं. आकडे जमले तर केबल, त्रिकोण, टॉर्च आणि कोरडं फडकं घेऊन सकाळी लवकर निघा. नाही जमले तर गाडी ऐरोलीतच ठेवून आई-बाबांना एसटीनं न्या. कल्याणहून आळेफाट्याकडे जाणाऱ्या गाड्या माळशेजवरूनच जातात, आणि खिडकीची जागा मिळाली तर धबधबे तुम्हालाही बघता येतील.