मोटर बंद, तरी 6.7 लिटर

प्रश्न : तासगावजवळ माझी द्राक्षबाग आहे. एका लॅटरलवर (ड्रिपर बसवलेल्या नळीवर) ताशी 4 लिटरचे 120 ड्रिपर आहेत. मुलानं वायएफ-एस201 हा अर्ध्या इंची फ्लो सेन्सर (पाण्याचा प्रवाह मोजणारा) अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडून दिलाय. हिशेबानं मिनिटाला 8 लिटर यायला हवेत, दिसतात 7.2. शिवाय रात्री थ्री फेज आली की मोटर बंद असतानाही 6.7 दाखवतो. सेन्सर बदलू का?

उत्तर : इतक्यात बदलू नका. तुमचे 6.7 वाचले आणि मी लगेच कागद-पेन्सिल ओढली. या सेन्सरच्या पोटात लोहचुंबक बसवलेली चक्री असते. पाण्यानं ती फिरते, तशा पल्स, म्हणजे विजेचे ठोके, येतात. सेकंदाच्या पल्स भागिले 7.5 म्हणजे मिनिटाचे लिटर. आता उलटं करा : 6.7 गुणिले 7.5, म्हणजे जवळजवळ 50. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची! तुमचा मीटर तेव्हा पाणी मोजतच नाही, शेजारच्या केबलमधली वीज मोजतोय. सेन्सरची पल्स आणणारी पिवळी वायर बहुधा मोटरच्या केबललाच बांधून नेली असणार. ती दूरवरून न्या, आणि अर्डुइनोच्या बाजूला पिवळी व 5 व्होल्ट यांच्यामध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर लावा. मोटर बंद असताना आकडा शून्यावर येईपर्यंत 7.2 वरही विसंबू नका.

मग बादली घ्या. मापून 20 लिटर पाणी सेन्सरमधून सोडा आणि पल्स मोजा. कागदावर लिटरला 450, म्हणजे 9,000 यायला हव्यात. मिरजेत माझ्या टेबलावरच्या सेन्सरनं 8,460 दिल्या, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये लिटरला 450 च्या जागी 423 लिहिले. या स्वस्त सेन्सरमध्ये दहा टक्क्यांपर्यंत फरक निघतोच. बादली भरताना नळ ड्रिपरइतकाच, मिनिटाला 7-8 लिटरवर ठेवा. अगदी बारीक धारेला चक्री नीट फिरत नाही.

आणि बादलीनं सेन्सर बरोबर ठरवला, तरी 7.2 च आले तर? तर मला बागेची काळजी वाटते. 7.2 लिटर म्हणजे 108 ड्रिपरचं पाणी. साधारण बारा ड्रिपर तुंबलेत, आणि तेवढ्या वेली तहानलेल्या आहेत. लॅटरलच्या टोकाची टोपी काढून आधी गाळ धुवून काढा, मग ओळीनं चालत एकेक ड्रिपर बघा.

सेन्सर फिल्टरनंतरच, गाळलेल्या पाण्यावर बसवा. गंजाचे कण चुंबकाला चिकटून चक्री जड होते. ड्रिपर साफ करायला ॲसिड सोडायच्या दिवशी मात्र तो काढून ठेवा.