रजा कधी टाकायची ते विमानाच्या तिकिटावरच ठरतं

तुझा निरोप दोनदा वाचला. सोलापुरात स्टाफ नर्स आहेस, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, बँड 5 ची (नोंदणी झालेल्या नव्या नर्सच्या पगारश्रेणीची) ऑफर हातात आहे, व्हिसासाठी लागणारं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेटही आलंय, आणि परवाच कळलं की आठवा आठवडा चालू आहे. अभिनंदन, आधी ते. तू विचारतेस, "ताई, आत्ता यावं की बाळंतपण उरकून? आणि आले तर रजा कधीपासून टाकू, इथल्यासारखी दोन महिने आधी?"

मी मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, अकरा वर्षं मिडलंड्समधल्या एका शहरात नोकरी करते आहे आणि माझी दोन्ही बाळंतपणं इथेच झाली. रजेचा प्रश्न तू दुसरा विचारलास, पण तुझ्या बाबतीत त्याचं उत्तर पहिल्यात दडलंय. तू इथे कोणत्या आठवड्यात हजर होतेस त्यावर रजेत हातात काय पडणार ते ठरतं, आणि हातात काय पडणार त्यावर रजा कधी सुरू करणं परवडेल ते.

इथे रजा आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजेचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून: 52 आठवडे. तू गरोदर असताना रुजू झालीस म्हणून कोणी रजा नाकारू शकत नाही. पैशाचं तसं नाही. सरकारी नियमाप्रमाणे मालकाकडून मिळणारा मातृत्व पगार, म्हणजे एसएमपी, 39 आठवडे असतो. पहिले 6 आठवडे सरासरी पगाराच्या 90 टक्के, पुढचे 33 आठवडे ठरलेली रक्कम. त्यासाठी बाळाच्या तारखेच्या 15 आठवडे आधी, म्हणजे गरोदरपणाच्या पंचविसाव्या आठवड्यात, त्याच मालकाकडे 26 आठवडे नोकरी झालेली हवी. पंचवीस आठवड्यांच्या गरोदरपणात सव्वीस आठवडे नोकरी. दिवस राहायच्या आधीपासून कामावर असल्याशिवाय हे जमत नाही, तेव्हा एसएमपी विसर. एनएचएसचा स्वतःचा वाढीव पगार आणखी चांगला आहे, 8 आठवडे पूर्ण आणि 18 आठवडे अर्धा अधिक एसएमपी. पण त्याला तारखेच्या 11 आठवडे आधी एक वर्षाची सलग नोकरी लागते. तोही गेला.

तुझ्यासाठी उरतो तो मॅटर्निटी अलाउन्स. हा मालक नाही, सरकार देतं. 39 आठवडे, 2025-26 साठी आठवड्याला 187.18 पौंड किंवा सरासरी पगाराच्या 90 टक्के, यांतलं जे कमी असेल ते. त्यावर कर नाही. तुझ्या व्हिसावर 'पब्लिक फंड्स घेता येणार नाहीत' असं लिहिलेलं असेल, ते वाचून घाबरू नकोस. हा भत्ता त्यात मोडत नाही. चाइल्ड बेनिफिट मात्र मोडतं, त्याच्या वाटेला जाऊ नकोस, शेजारीण काहीही सांगो.

या भत्त्याची अट अशी: तारखेचा आठवडा सोडून त्याच्या आधीच्या 66 आठवड्यांत किमान 26 आठवडे तू इथे नोकरीत असायला हवीस, आणि 13 आठवड्यांत प्रत्येकी किमान 30 पौंड कमाई हवी. पौंडांची अट तुला काहीच नाही. सव्वीसची आहे. बोटं मोजून बघ: चाळिसाव्या आठवड्यातून सव्वीस वजा केले की चौदा. चौदाव्या आठवड्याच्या आत रुजू झालीस तर सव्वीस भरतात. त्यानंतर आलीस तर भरत नाहीत, आणि सोलापुरातली नोकरी ते त्यात धरत नाहीत.

आज तू आठव्यात आहेस. म्हणजे सहा आठवडे. तेही घट्ट, कारण इथे तारीख बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीवर ठरवतात, पाळीच्या हिशेबावर नाही. माझी पहिल्या वेळी सहा दिवसांनी सरकली होती. तुझी अलीकडे सरकली तर काठावरचा हिशेब बुडेल. तेरावा धरून चाल.

आता तुझ्या एजंटाने बहुधा न सांगितलेली गोष्ट. भारतातून येताना टीबीचं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी छातीचा एक्स-रे. गरोदर बाईला तिथे तीन वाटा देतात: पोटाला संरक्षण लावून एक्स-रे, किंवा थुंकीची तपासणी, किंवा बाळंतपणानंतर या. थुंकीच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. ती वाट धरलीस की चौदावा आठवडा टीबी सेंटरच्या बाकावरच संपला. छातीच्या एक्स-रेत पोटापर्यंत किती पोचतं हे तुला मी सांगायला नको, पण तुझ्या डॉक्टरबाईंशी बोलून ठरव, आणि या आठवड्यातच ठरव. व्हिसाचा निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट तीन महिनेच चालतं, पुढे ढकलायचं तर नवं मागावं लागतं.

आणि राजीनामा दिला नसशील तर थांब. तिकीट हातात येईपर्यंत देऊ नकोस. आपल्याकडचा कायदा 26 आठवडे भरपगारी रजा देतो, त्यातले 8 तारखेआधी घेता येतात; अट काय, तर आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम. इथल्या कुठल्याही भत्त्यापेक्षा ते सोन्यासारखं आहे. चौदावा आठवडा हुकणार असं दिसलं, तर मी म्हणेन तिथेच बाळंत हो, ती रजा घे, आणि बाळ मोठं झालं की ये. इथल्या भरती विभागाला सरळ लिही की रुजू व्हायची तारीख पुढची हवी. गरोदरपणामुळे ऑफर काढून घेणं इथे 2010 च्या समानता कायद्यात बसत नाही.

फक्त एक. चार-पाच महिन्यांचं बाळ आजीकडे ठेवून एकटी यायचा विचार करत असशील तर नीट विचार कर. आमच्या वॉर्डात अशा दोघी होत्या. एक ब्रेकमध्ये बाथरूममध्ये दूध पिळून टाकायची आणि तोंड धुऊन परत औषधांच्या ट्रॉलीवर. कोणी तिला वाईट आई म्हटलं नाही, तिने स्वतःला रोज म्हटलं. वर्षभराने बाळ आलं तेव्हा ते हिच्याकडे जाईना. तुझी जाऊ, नणंद काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण यायचं तर तिघं मिळून या.

समजा तेराव्यात पोचलीस. आता तुझा खरा प्रश्न, रजा कधीपासून.

कायदा म्हणतो, लवकरात लवकर तारखेच्या 11 आठवडे आधी, म्हणजे एकोणतिसाव्यापासून. पण 52 आठवड्यांचं गाठोडं एकच आहे आणि भत्त्याचे 39 ही. बाळाआधी खर्च केलेला प्रत्येक आठवडा बाळानंतरचा कमी होतो. आपल्याकडची आठव्या महिन्याची सवय इथे आणलीस तर दोन महिने टीव्ही बघण्यात जातील आणि शेवटी, बाळ रांगायला लागेल तेव्हा, तेच दोन महिने कमी पडतील. म्हणून इथल्या बायका छत्तीस ते अडतीसच्या दरम्यान थांबतात. काही जणी एकोणचाळिसापर्यंत ओढतात.

मीही ओढणार होते. त्याची गोष्ट सांगते, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. पहिल्या वेळी मी एकोणचाळिसाव्या आठवड्याची तारीख लिहून दिली होती. आईचं तिकीट त्याच हिशेबाने. सदतिसाव्यात ओटीपोटाचं हाड असं दुखायला लागलं की जिना चढताना रडू यायचं. सकाळी फोन करून आजारी असल्याचं कळवलं, कारण विचारल्यावर खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पत्र: तुमची मातृत्व रजा सुरू झाली आहे. नियम असा आहे की तारखेच्या आधीच्या चार आठवड्यांत गरोदरपणाशी संबंधित कारणाने आजारी पडलीस की रजा आपोआप दुसऱ्या दिवसापासून चालू होते, तू कागदावर कोणतीही तारीख लिहिलेली असो. बाळ लवकर आलं तरी तसंच. एनएचएसच्या नियमावलीत एखाद-दुसऱ्या दिवसाचं आजारपण सोडून द्यायची मुभा आहे, पण ती मागावी लागते, आणि मला ते कोणीच सांगितलं नाही. मी आठवडाभर घरी राहते म्हणून मोकळी झाले होते. मुलगा एक्केचाळीस पूर्ण झाल्यावर, कळा आणवून झाला. चार आठवडे रजेचे, खिडकीपाशी, एकटी, आई अजून मिरजेत. दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले.

तू असं कर. छत्तिसावा लागला की वार्षिक सुट्टी टाक. नवीन नर्सला वर्षाला 27 दिवस अधिक 8 सार्वजनिक सुट्ट्या मिळतात. तेराव्यापासून छत्तिसाव्यापर्यंत तुझे साधारण बारा दिवस जमलेले असतील. ती सुट्टी भरपगारी असते. सुट्टीवर आहेस म्हटल्यावर सकाळी आजारी म्हणून फोन करायची वेळच येत नाही, आणि धोक्याचे ते चार आठवडे बरेचसे तिथेच निघतात. मग मातृत्व रजा अडतीस-एकोणचाळीसपासून. ज्या रजेवर असशील तिच्यातही वार्षिक सुट्टी साठतच राहते, ती शेवटी जोडून घेता येते.

ऑफिसात बसणारीने एकोणचाळीसपर्यंत काम केलं तर ठीक. वॉर्डात साडेबारा तासांची पाळी आहे, मांडी घालून बसायचं काम नाही. तिथे शेवटपर्यंत राबल्याचं पदक कोणी देत नाही, घरी पाय सुजतात तेवढंच. आणि साखर निघाली तर हिशेब आणखी बदलतो. आपण दक्षिण आशियाई म्हणून चोवीस ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ग्लुकोजची चाचणी करतातच. मधुमेह निघाला तर चाळीस आठवडे सहा दिवसांच्या पुढे जाऊ देत नाहीत, बऱ्याचदा त्याआधीच बोलावतात. तसं झालं तर रजा सदतीसपासून लाव. लिहून दिलेली तारीख 28 दिवसांची सूचना देऊन बदलता येते, त्यामुळे पहिली तारीख म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

कागद: विसाव्या आठवड्यानंतर मिडवाइफ मॅट-बी-वन नावाचं सर्टिफिकेट देते, ते मागून घे. पंचविसाव्यापर्यंत रजेची तारीख ऑफिसला लेखी कळव. एसएमपी मिळणार नाही असं लिहिलेला एसएमपी-वन फॉर्म त्यांच्याकडून घे आणि गरोदरपणाचे सव्वीस आठवडे झाले की भत्त्याचा अर्ज टाक. गरोदर आहेस हे रुजू झाल्यावर लगेच लेखी सांग. लेखी सांगितल्याशिवाय तुझ्यासाठी वेगळी जोखीम-तपासणी करायला ते बांधील नसतात, आणि तोवर रात्रपाळी काय, पेशंट उचलणं काय, सगळं तुझ्या वाट्याला. मी सोळाव्यापर्यंत लपवलं होतं, कशासाठी ते आज मलाही सांगता येणार नाही. ओस्की, म्हणजे इथल्या नोंदणीसाठीची प्रात्यक्षिक परीक्षा, मात्र पोट फार पुढे यायच्या आत देऊन टाक. ती पास होऊन पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, येईपर्यंत बँड 5 चा पगार लागत नाही.

पैशाचं खरं बोलू. 2025-26 च्या दराने 187 पौंड आठवड्याला म्हणजे महिन्याला 811 च्या आसपास. एका खोलीच्या घराचं भाडं त्यात जेमतेम भागेल, कुठे भागणारही नाही. नवरा तुझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आला तर त्याला काम करता येतं, आणि त्याने पहिल्या महिन्यापासून करायलाच हवं, गोदामात का असेना. तो आठ महिने योग्य नोकरी शोधत बसणार असेल तर तुला 52 आठवड्यांची रजा कागदावरच राहील. नर्सच्या व्हिसावर आरोग्य अधिभार (व्हिसाबरोबर भरायची आरोग्यसेवेची फी) नाही आणि बाळंतपणाला एक पैसा लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

रजेत माहेरी जायचं मनात असेल, सगळ्यांच्या असतं, तर एवढं बघ. इथे जन्मलेलं तुझं बाळ ब्रिटिश नसेल. आधी जन्मनोंदणी, मग आपल्या वकिलातीतून भारतीय पासपोर्ट, मग त्याचा इथला व्हिसा. यात महिने जातात. दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन बारशाला सोलापूर, हे विसर. आणि पुढे कायमचं राहायचं असेल तर कुठल्याही 12 महिन्यांत 180 दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहून चालत नाही. त्यापेक्षा आईला बोलाव. पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने राहता येतं. तिला अडतिसाव्याच्या सुरुवातीला आण. अळीव लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर मिळतो, डिंक पण. शेगडीचं मात्र तिला आधीच सांग, इथे घराघरात धुराचा अलार्म असतो. आमच्याकडे ओव्याची धुरी घेताना तो वाजला आणि खालचा म्हातारा काठी घेऊन वर आला.

तुझ्या पहिल्या सोनोग्राफीत बाळाचं वय किती आठवडे किती दिवस लिहिलंय ते मला पाठव, आणि टीबी सेंटरची सगळ्यात जवळची तारीख कोणती मिळते तेही. दोन्ही समोर आले की मी वही घेऊन बसते.