पायी वारीआधी गावातल्या गावात सराव कसा करावा?

ताई, तुमचं वय 48, गाव मेहकर तालुक्यात. पुढच्या आषाढीला गावच्या दिंडीसोबत पंढरपूरला पायी जायचंय, आणि दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईला वेगळा सराव लागतो का, असं तुम्ही विचारलंय. लागतो, ताई. फारसा नाही लागत असं समजूनच मी पहिल्या वर्षी निघाले होते.

वावरात आपण थांबत, वाकत, ढेकळांतून चालतो. पाय दर पावलाला वेगळा पडतो. डांबरी रस्त्यावर मात्र तळव्याच्या त्याच जागेवर दिवसभर भार येतो. तरी मी चार-पाच रविवार खामगावहून शेगावला चालत गेले, 16-17 किलोमीटर. संध्याकाळी एसटीने घरी, मग आठवडाभर नेहमीची कामं. वाटलं, झाली तयारी. दिंडीत पहिला दिवस छान गेला, दुसरा रेटला. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला उठले, पाय जमिनीला टेकवला आणि टाचेतून अशी कळ गेली की भिंत धरून उभी राहिले. एका दिवसात किती चालता येतं ते मी पाहिलं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालता येतं का ते पाहिलंच नव्हतं.

शेगावहून श्रींची, म्हणजे गजानन महाराजांची, पालखी जाते ती 700 किलोमीटरच्या वर, जवळपास महिनाभर. तुमचं अंतर त्याहून कमी भरेल, पण रोजचे 20-25 किलोमीटर चुकत नाहीत. म्हणून हरभरा-गहू निघाला की सुरुवात करा. आधी पांदण रस्त्याने शिवेवरच्या मारुतीपर्यंत, रोज अर्धा-पाऊण तास. मातीवर पाय बसले की डांबरीवर या. दीड महिन्यानंतर शनिवार-रविवार लागोपाठ चाला. शनिवारी 10 झाले तर रविवारीही 10, पाय कुरकुरले तरी हळू का होईना. शेवटच्या महिन्यात एकदा सलग तीन दिवस, रोज 18-20. तिसऱ्या दिवशीची सकाळ कशी जाते, तेवढं नीट बघा. दुखणं अर्ध्या-एक तासात चालता चालता मोकळं झालं तर ठीक. वाढत गेलं किंवा गुडघा सुजला तर थांबा, डॉक्टरांना दाखवा. साखरेचा आजार असेल तर पायाची साधी जखमही अंगावर काढू नका.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. कायम आपल्या एकाच हाताची कड धरून चाललं की एकच गुडघा धरतो. सरावात जाताना ज्या कडेने गेलात, येताना रस्ता न ओलांडता त्याच कडेने परत या, म्हणजे उतार एकदा एका पायाला, एकदा दुसऱ्याला येईल. वाहनांची वर्दळ असेल तिथे मात्र समोरून येणारी गाडी दिसेल अशाच बाजूने.

चप्पल असो वा बूट, जे वारीत घालणार त्यातच सराव करा. चालून पाय फुगतात, म्हणून बोटांपुढे जागा हवी. मोजे ओले झाले की लगेच बदला. बोटांच्या मध्ये खोबरेल तेल चोळा. फोड आला तर त्यावरची कातडी सोलू नका.

आता उन्हाचं. आपल्याकडच्या दिंड्या निघतात तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जेमतेम सरलेला असतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. मे महिन्यात पहाटे निघून रोज थोडं उशिरा परता, साडेआठ-नऊपर्यंत. भर दुपारी सराव नकोच. एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सगळे चमचे सपाट, हे घरचं पाणी सोबत ठेवा.

आणि ताई, हे बायकांना सांगायलाच हवं. आडोसा मिळणार नाही म्हणून आपण पाणी पीत नाही. माझ्या शेजारची बाई याच कारणाने रस्त्यात चक्कर येऊन पडली. आम्ही नंतर तिघींचा गट केला. दोघींनी जुनं लुगडं आडवं धरायचं, तिसरीने बसायचं. दर तासाला, कोणाला लागली असो वा नसो. याचाही सराव गावातच करा, नाहीतर ऐनवेळी लाज आडवी येते. गावातली एखादी जोडीदारीण आत्ताच गाठा. पहाटेच्या अंधारात एकटीने निघण्यापेक्षा तेही बरं.

शेवटचा आठवडा फक्त मारुतीपर्यंत जा. पायाची नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. फार खोल कापली गेली तर पहिल्याच मुक्कामी ठणकतात.