पाळी गेल्यावर ‘बायोआयडेंटिकल’ हार्मोन घेतले तर खरंच काही अपाय होत नाही का?

ताई, तुम्ही नांदेडहून लिहिलंय की वय ४९, पाळी बंद होऊन वर्ष झालं, रात्री अंगातून वाफा निघतात, झोपेचं खोबरं झालंय. त्यात एका क्लिनिकनं फोनवर सांगितलं, ‘आमचे हार्मोन बायोआयडेंटिकल, म्हणजे नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.’ मी डॉक्टर नाही, परभणीत मेडिकल चालवते. पण ही औषधं माझ्याच काउंटरवरून जातात, म्हणून लिहिते.

‘बायोआयडेंटिकल’ म्हणजे आपल्या अंगात तयार होतो हुबेहूब तोच रेणू. एस्ट्राडिऑल (हे मुख्य इस्ट्रोजेन) आणि प्रोजेस्टेरॉन, हे दोन मुख्य. यात खोटं काही नाही. पण ते झाडाला लागत नाहीत. सोयाबीन किंवा कोनफळाच्या जातीतल्या रानकंदातून एक द्रव्य काढतात आणि कारखान्यात त्यावर रासायनिक प्रक्रिया करून हार्मोन बनवतात. सोयाबीन आपल्या लातूर-परभणीकडे ढिगानं पिकतं, म्हणून ते खाऊन पोटात एस्ट्राडिऑल होईल असं नाही. आपल्या शरीराला ते जमत नाही. ‘रानकंदाचं नैसर्गिक क्रीम’ विकणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करा.

आता क्लिनिकवाले जे सांगत नाहीत ते. हाच रेणू साध्या मेडिकलमध्ये स्ट्रिपमध्ये मिळतो. मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कण केलेल्या, प्रोजेस्टेरॉनची १०० आणि २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल तर गरोदर बायकांनाही लिहून देतात. एक सासूबाई चिठ्ठी घेऊन आल्या आणि भडकल्या, ‘सुनेला दिवस गेल्यावर दिली होती तीच मला कशी?’ तीच. एस्ट्राडिऑलचं त्वचेला लावायचं जेल येतं, आणि एस्ट्राडिऑल व्हॅलरेटची गोळी पोटात गेल्यावर एस्ट्राडिऑलच होते. म्हणजे बायोआयडेंटिकल हवं असेल तर त्यासाठी क्लिनिकचं पॅकेज घ्यायची गरज नाही.

मला भीती वाटते ती ‘खास तुमच्यासाठी बनवलेल्या’ मिश्रणाची. एका ओळखीच्या बाईंच्या लेकीनं अमेरिकेहून अशी एक डबी पाठवली होती, ती त्या मला दाखवायला आल्या. पांढरी डबी, वर स्टिकर, ‘बाय-एस्ट ८०:२०’. म्हणजे एस्ट्रिऑल (हेही एक इस्ट्रोजेन) ८० टक्के, एस्ट्राडिऑल २० टक्के. अहो, हे प्रमाण झालं, डोस कुठंय? मिलिग्रॅम नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, धोक्याच्या सूचनांचा कागद नाही. मी ती डबी तशीच परत दिली. अशी मिश्रणं एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याच्या, मंजुरीतून गेलेली नसतात. एका डबीत औषध कमी, दुसरीत जास्त असं होऊ शकतं. त्वचेखाली बसवायच्या हार्मोनच्या बारीक गोळीचं, म्हणजे पेलेटचं, तर आणखी अवघड, त्रास झाला तरी सहज काढून टाकता येत नाही. आणि लाळ तपासून डोस ठरवतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. लाळेतलं प्रमाण दिवसभर वरखाली होतं. डोस ठरतो तो तुमच्या वाफा कमी झाल्या का यावर.

कॅन्सरची भीती कुठून आली तेही सांगते. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. त्यात गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) दिलं होतं, आणि बायकांचं सरासरी वय होतं ६३. दर वर्षी १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या ८ आणि लकव्याच्या ८ केसेस जास्त निघाल्या. पेपरांनी बोंब ठोकली आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. नंतर लक्षात आलं की साठीच्या आत, पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या औषधांवरच्या ठळक इशाऱ्यातले बरेच मुद्दे काढायचं जाहीरही केलं. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉननं स्तनाचा धोका कृत्रिमपेक्षा कमी दिसतो, जेलनं रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. ‘कमी’ म्हणतेय मी, ‘शून्य’ नाही. शरीराचं स्वतःचं इस्ट्रोजेनसुद्धा स्तनाच्या कॅन्सरला खतपाणी घालू शकतं, मग बाहेरून आलेलं तेच कसं निर्धोक होईल?

तुमची गर्भाची पिशवी काढलेली आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळा फरक तिथंच आहे. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही; आतलं अस्तर वाढत जातं, पिशवीचा कॅन्सर होऊ शकतो. सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, आणि ते क्रीमचं नको, कॅप्सूलचं. ती रात्री घ्यायची, कारण तिनं झोप येते. पिशवी काढलेली असेल तर बहुधा इस्ट्रोजेन एकटं पुरतं. आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात कितीतरी जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या. पिशवीसोबत अंडाशयही गेलं असेल तर बाई एका रात्रीत म्हातारपणात ढकलली जाते. हाडं ठिसूळ, हृदयाला धोका. काही मनाई नसेल तर अशा बाईनं निदान पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यावेत असंच डॉक्टर सांगतात. पण तिला कुणी विचारतच नाही. ती वाफांचं खापर उन्हावर फोडते आणि कोयता उचलते.

स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, लकवा, हार्ट अटॅक होऊन गेला असेल, लिव्हर खराब असेल, तर हार्मोनचा विषय बंद. वाफांसाठी वेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिनसारखी बिनहार्मोनची औषधं आहेत.

नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजची स्त्रीरोग ओपीडी तुम्हाला जवळ आहे. बीपी, शुगर, सोनोग्राफी, मॅमोग्राफी करून घ्या आणि थेट विचारा, ‘मला जेल आणि प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल चालेल का?’ सुरू केलं तर तीन महिन्यांनी परत दाखवा. सुरुवातीला रक्ताचे थोडे डाग दिसू शकतात, पण तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि औषध सुरू नसताना, आत्तासुद्धा, एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायला जा, घरातलं लग्न उरकेपर्यंत थांबू नका.