डोळ्याचे ऑपरेशन आणि घरातली सिस्टर

मोतीबिंदू आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) ऑपरेशनबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. ऑपरेशन कसे होते, हे फारसे कुणी विचारलेले नाही. त्याआधी आणि नंतर घरच्यांनी काय करायचे, हेच सगळ्यांना हवे आहे. रास्तच आहे, कारण मोतीबिंदूच्या रुग्णाला त्याच दिवशी घरी सोडतात आणि नर्सिंगचे काम सून, मुलगा नाहीतर शेजारीण यांच्या हातात येते.

सासऱ्यांचे (वय ७२) मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे. मधुमेह, रक्तदाब, प्रोस्टेट आणि रक्त पातळ करणारी अशा गोळ्या चालू आहेत. तयारी काय करावी? उपाशी न्यायचे का?
— नौपाडा, ठाणे

गोळ्यांची नावे तोंडी सांगू नका, स्ट्रिप्सच पिशवीत घालून न्या. प्रोस्टेटची गोळी टॅमसुलोसिन असेल तर सर्जनला ते आधी कळलेच पाहिजे. या गोळीने बुबुळाचा रंगीत पडदा सैल पडतो आणि ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसू लागते. चार दिवस आधी गोळी बंद करून हा परिणाम जात नाही, त्यामुळे स्वतःहून बंद करण्यात अर्थ नाही. सर्जनला माहीत असले की तो त्या तयारीने उभा राहतो. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने थांबवू नका. भूल नुसत्या थेंबांची की इंजेक्शनची, यावर तो निर्णय होतो आणि तो डॉक्टरांनीच घ्यायचा.

उपाशी राहायचे की नाही, हेही भुलीवरच ठरते. थेंबांच्या भुलीला अनेक ठिकाणी हलका नाश्ता चालतो. आदल्या दिवशी फोन करून दोन गोष्टी एकत्र विचारा: सकाळी खायचे का, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे का. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. गोळी घेतली, पोटात काही नाही, नंबर दुपारी लागला आणि साखर उतरून घाम फुटला. रक्तदाबाची गोळी मात्र बहुधा नेहमीच्या वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगतात.

आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ आणि दाढी उरकून घ्या. काजळ, सुरमा नको. सकाळी पुढून बटणे असलेला सदरा घाला, म्हणजे परतल्यावर डोळ्यावरून काही ओढून काढावे लागणार नाही. कोरडा खोकला असेल, दोन उशांशिवाय झोप लागत नसेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर ते आधीच सांगा. तोंडावर कापड टाकून वीस-तीस मिनिटे उताणे आणि स्थिर पडायचे असते. त्यात ऐन वेळी आलेली ढास डोळ्याला महागात पडते.

ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांवरच्या जंतूंमुळे होतो. म्हणून डोळ्यातून सतत पाणी गळत असेल, पापण्यांना खपल्या धरत असतील किंवा नाकाकडच्या कोपऱ्यावर दाबल्यावर पू येत असेल, तर लपवू नका. अशा वेळी तारीख पुढे ढकलतात आणि ते योग्यच असते. ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालून सुमारे तीन मिनिटे ठेवतात. आयोडीनने पूर्वी कधी त्रास झाला असेल तर सांगा.

बाहुली मोठी करणारे थेंब दर दहा-पंधरा मिनिटांनी घालतात, त्यानंतर त्यांना एकटे चालू देऊ नका. सिस्टर नाव आणि डोळा विचारेल तेव्हा उत्तर त्यांनाच देऊ द्या. “उजवाच ना?” असे विचारले की दमलेला माणूस कशालाही “हो” म्हणतो. “कोणता डोळा?” असेच विचारायचे असते आणि भुवईवरची खूण त्याच्याशी ताडून पाहायची असते.

तीन बाटल्या दिल्या आहेत. थेंब गालावर पडतात, वडील डोळा मिटतात, चार दिवसांत एक बाटली संपली. नीट कसे घालायचे?
— ऐरोली

या एका कामावर बाकीचे सगळे उभे आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बाटलीच्या एका थेंबात साधारण ४० ते ५० मायक्रोलिटर औषध असते आणि डोळ्यात मावते जेमतेम ३०. म्हणजे दुसरा थेंब गालासाठीच असतो. एका वेळी एकच थेंब घालायचा. तो नक्की बाहेर पडला तरच पुन्हा.

आधी साबणाने हात धुवा. वडिलांना उताणे झोपवा, नजर छताकडे. खालची पापणी गालाच्या हाडावर बोट टेकवून खाली ओढा, डोळ्यावर दाब द्यायचा नाही. पापणीचा जो खळगा होतो त्यात थेंब सोडा, थेट बुबुळावर नको. बुबुळावर पडला की डोळा झटकन मिटतो, तुमची खरी अडचण तीच असावी. बाटलीचे तोंड पापणीला, केसांना, बोटाला, कशालाच लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटायला सांगा, घट्ट आवळायला नाही. नाकाकडच्या कोपऱ्यावर एक-दोन मिनिटे बोटाने हलके दाबून ठेवा. औषध नाकात उतरून घशाला कडू लागते ते याने थांबते.

दुसऱ्या बाटलीआधी पाच मिनिटे जाऊ द्या, नाहीतर पहिले औषध वाहून जाते. दुधाळ दिसणारे औषध आधी चांगले हलवा, त्यातला स्टिरॉइडचा साका तळाशी बसतो. न हलवता घातले तर सुरुवातीला नुसते पाणी जाते. मलम असेल तर सगळ्यात शेवटी.

दिवसातून सहा वेळा म्हणजे ७, १०, १, ४, ७, १०. हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि खुणा करा. वडील स्वतः घालणार असतील तर एका बाटलीला एक रबरबँड, दुसरीला दोन. लेबल त्यांना दिसणार नाही, बोटांना रबर कळते. स्टिरॉइडचे थेंब दर आठवड्याला कमी करत न्यायचे असतात. बरे वाटले म्हणून एकदम थांबवले तर सूज उलटते. केमिस्टकडून परस्पर आणखी एक आणून चालू ठेवले तर काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो आणि तो वाढलेला कळतही नाही. बाटली उघडल्याची तारीख लिहा, महिन्याने टाकून द्या. पुढे दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले की त्याला नवीन बाटली.

डोळा पुसायला साडीचा पदर नको, टॉवेलही नको. पाणी दहा मिनिटे उकळून झाकून गार करा. त्यात निर्जंतुक कापूस बुडवून पिळा आणि मिटलेल्या पापणीवरून नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवा. तो टाका, दुसरा घ्या. सकाळी चिपडे धरलेली असतात, ती निघाल्यावरच थेंब.

आईला (६८) शेजारच्या मावशींनी सांगितले आहे की चाळीस दिवस वाकायचे नाही, आंबट-तिखट नाही, टीव्ही नाही. गणपती तोंडावर आले आहेत.
— कोपरखैरणे

मावशी जुन्या काळाच्या हिशेबाने बोलत आहेत. तेव्हा छेद दहा मिलिमीटरच्या वर असायचा, टाके पडायचे आणि डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवायचे. आता फेकोचा, म्हणजे मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेण्याच्या पद्धतीचा, छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि डोळ्याच्या आतल्या दाबानेच मिटून राहतो. म्हणून आईला मिसळ खाऊ द्या, मालिकाही बघू द्या. डोळा चोळणे मात्र अजिबात नाही. आठवडाभर झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवा, कारण झोपेत हात जातोच. भरलेली बादली उचलायची नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने दाब चढतो. आंघोळ गळ्याखालून, डोक्यावरून कधी ते तपासणीच्या दिवशी विचारा. मोदक वळू द्या, पण फोडणीच्या धुरापासून काही दिवस लांब ठेवा. मिरवणूक खिडकीतून बघू द्या. गुलाल हा या डोळ्याचा खरा वैरी आहे.

पडद्याचे ऑपरेशन होऊन डोळ्यात गॅस भरला आहे. चौथ्या आठवड्यात गाडीने पुण्याला लग्नाला गेलो तर चालेल?
— वाशी

कोणता गॅस भरला, हे कळल्याशिवाय नाही. विमान टाळायचे हे बहुतेकांना सांगितलेले असते, घाटाचे लक्षात राहत नाही. वाशी समुद्रसपाटीला आणि लोणावळा ६०० मीटरच्या वर. वर हवेचा दाब कमी, तिथे डोळ्यातला गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढून दृष्टीची नस दबू शकते. गाडी असो की रेल्वे, चढ तोच. एसएफ६ नावाचा गॅस साधारण दोन-तीन आठवड्यांत विरतो, सी३एफ८ नावाच्या गॅसला सहा ते आठ आठवडे लागतात. डोळ्यात पाण्याच्या पातळीसारखी हलणारी रेघ दिसते तोवर गॅस आहे. ठाणे, पनवेल खुशाल फिरा. गॅसऐवजी सिलिकॉन ऑइल भरलेले असते तर हा प्रश्न आला नसता.

डोळ्यात गॅस असल्याचा पट्टा मनगटावर दिला असेल तर काढू नका. मधेच दुसरे ऑपरेशन करावे लागले तर भूल देणाऱ्याने नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू वापरता कामा नये, त्यानेही डोळ्यातला गॅस फुगतो. डोके खाली ठेवायला सांगितले असेल तर सहसा तासात पन्नास मिनिटे ते आणि दहा मिनिटे विश्रांती. कोपराखाली मऊ घडी ठेवा, तिथली नस दबून करंगळी बधिर होते. पावले हलवत राहा. उताणे झोपू नका.

तिसऱ्या दिवशी डोळा खुपतोय. हे नेहमीचे की धोक्याचे, कसे ओळखायचे?
— कळवा

वाळू गेल्यासारखे खुपणे, पाणी येणे, उजेड टोचणे हे पहिल्या काही दिवसांत असते आणि रोज थोडे कमी होते. भुलीचे इंजेक्शन दिले असेल तर पांढऱ्या भागात लालभडक डाग दिसतो, तो नुसता दिसायला भयंकर. दिशा बघा. रोज सकाळी दुसरा डोळा झाकून, त्याच खुर्चीवरून भिंतीवरचे तेच कॅलेंडर वाचायचे. कालच्यापेक्षा आज कमी दिसले, दुखणे वाढले, लाली वाढली, पू आला किंवा पापणी सुजली, तर लगेच फोन करायला यातले एकही पुरेसे आहे. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यातच उठतो. त्यावर डोळ्याच्या आत अँटिबायोटिक द्यावे लागते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर रात्री दोन वाजताही लावा. ऑपरेशनच्याच रात्री डोके ठणकून उलटी झाली, तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. डोळ्याचा दाब चढल्यावरही असेच होते.